बाटलीतली चिठ्ठी कोण वाचणार?

समुद्राच्या कडेला एक म्हातारा. दाढी वाढलेली, अंगावर चिंध्या, हातात बाटली. बाटलीत गुंडाळलेला कागद. मागे लागलेले लोक गाठायच्या आत तो बाटली समुद्रात भिरकावतो. म्हातारा मरतो. बाटली तरंगत जाते.

पुढच्या प्रसंगात सॅन फ्रान्सिस्को. काळ्या कोटातल्या श्रीमंत मंडळींचा क्लब. तिथे उशिरा येऊन पोहोचलेला एक शिडशिडीत खेळाडू तीच बाटली टेबलावर ठेवतो. आतली चिठ्ठी हार्वर्डच्या एका बेपत्ता प्राध्यापकाची आहे. दक्षिण अमेरिकेतल्या इंकांचे वंशज अजून जिवंत आहेत, त्यांच्याकडे अमाप सोनं आहे आणि तिथवर जायचा नकाशा हा असा असा. आणि हे सगळं तोंडातून एक शब्दही न ऐकवता सांगायचं आहे.

चित्रपट आहे फ्रिट्झ लांगचा 'डी श्पिनन', म्हणजे 'कोळी' (जाळं विणणारे, मासे पकडणारे नव्हेत). पहिला भाग 'सोनेरी तळं' 3 ऑक्टोबर 1919 रोजी बर्लिनमध्ये लागला, दुसरा 'हिऱ्यांचं जहाज' 1920 च्या फेब्रुवारीत. पुढे 'मेट्रोपोलिस' आणि 'एम' करणारा लांग तेव्हा तिशीच्या आतला, महायुद्धात जखमी होऊन आलेला, पटकथा लिहिता लिहिता नुकताच दिग्दर्शनाकडे वळलेला. नायकाचं नाव काय? तर नावच 'काय'. जर्मन उच्चाराप्रमाणे काय होग. मराठीत लिहिताना फार पंचाईत होते, म्हणून आपण त्याला नुसतं होग म्हणू.

हा लेख त्या चित्रपटाचं परीक्षण नाही. मूकपट पाहताना बहुतेकांची पंधरा मिनिटांत जी चुळबूळ सुरू होते, ती का होते आणि पडद्यावर नेमकं काय चाललेलं असतं, ते या एका चित्रपटाच्या आधाराने समजून घ्यायचं आहे. गुप्तधनाची गोष्ट त्यासाठी फार सोयीची, कारण मूकपटाला सगळ्यात जड जाणारी गोष्ट तीच.

जड का? आपल्याकडची गुप्तधनाची गोष्ट आठवा. वाड्याच्या जोत्याखाली हंडा, त्यावर नाग, आणि तो कुठे आहे हे फक्त पायाळू माणसाला, तेही डोळ्यांत अंजन घातल्यावर दिसणार. आजी ही गोष्ट सांगताना 'पिंपळापासून उगवतीला सात पावलं' असं म्हणून मोकळी व्हायची. ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं. धनाच्या शोधाची कुठलीही गोष्ट बव्हंशी माहितीवर चालते: कुठे, किती खोल, कोणाला ठाऊक, कोणाला ठाऊक नाही. पाठलाग, मारामारी, आग, पूर, प्रेम हे सगळं मूकपटाला उत्तम जमतं. 'उगवतीला सात पावलं' हे मात्र जमत नाही. ते लिहून दाखवावं लागतं.

लिहून दाखवायचे दोन मार्ग होते आणि त्यांतला फरक कळला की मूकपट पाहायला निम्मा सोपा होतो.

एक म्हणजे पाटी. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: 'दुसऱ्या दिवशी सकाळी', किंवा कोणी बोललेलं एखादं वाक्य. ही पाटी गोष्टीच्या बाहेरची. पात्रांना ती दिसत नाही; कीर्तनात बुवा मध्येच थांबून कथाभाग सांगतात तसं दिग्दर्शक आपल्याशी थेट बोलत असतो. दुसरा मार्ग म्हणजे गोष्टीतलाच कागद. पात्र पाकीट फोडतं, कागद उलगडतं, आणि लगेच पडदाभर तो कागद दिसतो: चुरगळलेला, कोपरा फाटलेला, शाई फुटलेली. मग परत पात्राचा चेहरा. या मधल्या तुकड्याला चित्रपटवाले 'इन्सर्ट' म्हणतात. बरेचदा तो नंतर, वेगळाच बसून, टेबलावर कागद ठेवून चित्रित करत. पडद्यावर दिसणारा अंगठा नायकाचा असेलच असं नाही. हाताशी जो सहायक असेल त्याचा असायचा.

हा इन्सर्ट एकाच वेळी दोन कामं करतो. माहिती देतो, आणि ती आत्ता कोणाकोणाला मिळाली आहे हेही सांगतो. चिठ्ठी होगने वाचली, आपणही वाचली. पण क्लबात त्याच्या भोवती जमलेल्यांत लिओ शा नावाची एक देखणी, थंड नजरेची बाई आहे. रेसेल ओर्लाने ही भूमिका केली आहे. तीच 'कोळी' नावाच्या जगभर पसरलेल्या टोळीची म्होरकी. होगने भरल्या क्लबात, चारचौघांत आपलं गुपित वाचून दाखवलं आणि तिथेच गोष्टीला तोंड फुटलं. त्याच रात्री त्याच्या घरी चोरी होते. (इतका बेसावध साहसवीर मी दुसरा पाहिलेला नाही. पण त्याने बाटली खिशात ठेवली असती तर चित्रपट दहा मिनिटांत संपला असता.)

आता एक अडचण बघा. हार्वर्डचा प्राध्यापक मरणाच्या दारात इंग्रजीतच लिहील. पण बर्लिनच्या प्रेक्षकाला ती चिठ्ठी वाचता आली पाहिजे. म्हणजे जर्मन. तोच चित्रपट पॅरिसला गेला की फ्रेंच, माद्रिदला गेला की स्पॅनिश. मूकपट सगळ्या जगाला कळतात, त्यांना भाषा नसते, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. चेहऱ्याला भाषा नव्हती, कागदाला होती. म्हणून परदेशी पाठवायच्या निगेटिव्हमध्ये पाट्या पूर्ण लांबीच्या ठेवतच नसत. प्रत्येक पाटीची एखाद-दुसरी चौकट (फ्रेम) खुणेपुरती ठेवायची. ज्या देशात चित्रपट जाईल तिथल्या माणसाने ती बघून आपल्या भाषेत पाटी तयार करून त्या जागी चिकटवायची. नायकाच्या हातातला कागदही असाच सीमेवर बदलायचा.

आपल्या मुंबईत तर एका पाटीवर भागायचंच नाही. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आज पाहायला मिळणाऱ्या प्रतीत इंग्रजी आणि हिंदी अशा दोन भाषांतल्या पाट्या आहेत. पुढे गुजराती, मराठी, उर्दू अशा तीन-चार भाषा एकेका चित्रपटात दाटीवाटीने बसू लागल्या, आणि तरीही ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी थिएटरात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. खेळ मुका, थिएटर मात्र बोलकं. परदेशी साहसमालिकांचे भाग त्या काळी आपल्याकडे धो धो चालत, ते अशाच गलक्यात.

पण परत बर्लिनला जाऊ. कारण 1919 मध्ये हीच गोष्ट तिथे का हवीशी वाटली, हे कळल्याशिवाय चित्रपटातला वेडेपणा नुसताच वेडेपणा वाटतो.

जर्मनी युद्ध हरली होती. जूनमध्ये व्हर्सायच्या तहावर सही झाली, वसाहती गेल्या. परदेशी जायची ना ऐपत, ना परवानगी. बाहेरच्या चित्रपटांच्या आयातीवर 1916 पासूनच निर्बंध होते, त्यामुळे अमेरिकन काउबॉय आणि फ्रेंच गुन्हेगारी मालिका जर्मन माणसाला नव्याने बघायला मिळत नव्हत्या. मग घरच्या घरीच सगळं बनवा! डेक्ला या चित्रपट कंपनीने तेच केलं. सॅन फ्रान्सिस्कोचा क्लब, काउबॉयंचा गुत्ता, इंकांचं देऊळ, चिनी भुयारं, सगळं जर्मनीतच उभं राहिलं. इंकांचा देश हॅम्बुर्गजवळ श्टेलिंगनला, हागेनबेकच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात. वस्तू हॅम्बुर्गच्याच उमलाउफच्या मानववंश संग्रहातून आणलेल्या, आणि त्याची जाहिरातही झाली: आमच्याकडचं सगळं अस्सल आहे! हागेनबेक म्हणजे दूरदेशीची जिवंत माणसं आणून प्रदर्शनात मांडणारं नाव, हे लक्षात ठेवलं की 'अस्सल' या शब्दाचा वास बदलतो.

पटकथा लांगनेच लिहिलेली. तिच्यामागे खऱ्या बातम्यांचं बरंच इंधन होतं. 1911 मध्ये येल विद्यापीठाचा हायरम बिंगहॅम माचू पिच्चूला पोहोचला आणि 1913 च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये त्याचे फोटो जगाने पाहिले. अमेरिकन विद्यापीठातला माणूस, इंकांचं हरवलेलं गाव: चित्रपटातला हार्वर्डचा प्राध्यापक आभाळातून पडलेला नाही. सोनेरी तळ्याचंही तसंच. कोलंबियात ग्वाताविता नावाचं गोल तळं आहे. तिथला मुइस्का राजा अंगाला सोन्याची भुकटी फासून तराफ्यावरून तळ्याच्या मध्यावर जायचा आणि पाण्यात सोनं अर्पण करायचा, अशी कथा. स्पॅनिश लोक तिथून 'एल दोरादो'च्या, म्हणजे सोन्याने भरलेल्या कल्पित मुलखाच्या, मागे लागले. 1580 च्या सुमारास अंतोनियो दे सेपुलवेदाने तळ्याचा काठ फोडून पाणी काढायचा घाट घातला. काठाची ती खाच आजही दिसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इंग्रज कंपनीने तर तळं खरोखर रिकामं केलं. खाली निघाला चिखल. पहिल्यांदा इतका मऊ की पाय ठेवता येईना, आणि उन्हाने वाळला तेव्हा इतका कडक की खणता येईना. हाती लागलं ते किरकोळ.

मुइस्का कोलंबियातले, इंका पेरूतले. लांगला त्याचं काही नाही. त्याने सगळं एकाच पातेल्यात घातलं आहे. होग मेक्सिकोसारख्या दिसणाऱ्या गावात टोळीच्या तावडीतून निसटतो, दोर पकडून हवाई फुग्यावर चढतो आणि थेट इंकांच्या मुलखावर पोहोचून हवाई छत्रीने उडी मारतो. भूगोलाच्या मास्तरांनी तेवढा वेळ डोळे मिटून घ्यावेत.

खाली उतरल्यावर चित्रपटातलं प्रेम सुरू होतं. सूर्यदेवाची पुजारीण नाएला. ही भूमिका लिल डागोवरची, जिचा जन्मच मुळी जावा बेटावरचा. होग तिला वाचवतो, ती त्याला लपवते. तिकडे लिओ शा टोळीसकट येऊन पोहोचते आणि पकडली जाते. सूर्याला बळी द्यायचा आहे, बळी लिओ शाचा, आणि तो द्यायचा नाएलाने. आता कोण कोणाला वाचवणार?

इथे मूकपटाची दुसरी मोठी युक्ती दिसते, आणि ती आपण आजही रोज बघतो, फक्त नाव घेत नाही. एक तुकडा वेदीवरचा. एक तुकडा होगचा, तो अजून लांब आहे. एक तुकडा टोळीच्या माणसांचा, ते हल्ल्याच्या तयारीत. परत वेदी. तिन्ही ठिकाणं वेगळी, पण आपल्या डोक्यात ती एकाच घटकेला चालू असतात. याला समांतर संकलन म्हणतात. बोलपटात हे सोपं होतं, कारण एका ठिकाणचा ढोल दुसऱ्या ठिकाणी ऐकू आला की वेळ एकच आहे हे कान सांगतो. मूकपटात तो धागा नाही. मग दिग्दर्शक काय करतो? प्रत्येक तुकड्यात एकेक ठळक वस्तू ठेवतो आणि माणसं पडद्यावर ठरावीक बाजूने धावतात. उजवीकडे पळणारा होग पुढच्या तुकड्यातही उजवीकडेच पळाला पाहिजे, नाहीतर तो परत फिरला असं आपल्याला वाटेल. आपण हे जाणीवपूर्वक बघत नाही. पण दिशा चुकली की चटकन गोंधळतो.

पुढे सोन्याने भरलेली गुहा, सोनं बघून एकमेकांच्या उरावर बसलेली टोळी, आणि मग तळ्याचं पाणी आत. मला विचाराल तर हा सबंध भाग मूकपटासाठीच जन्मलेला आहे. इथे एकही पाटी नसती तरी चाललं असतं. सोन्यापाशी पोहोचल्यावर माहितीची गरज संपते आणि कॅमेरा मोकळा होतो. होग आणि नाएला पाण्याच्या लोंढ्यातून निसटतात.

एव्हाना कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण मी यूट्यूबवर लावलं तेव्हा माणसं माकडासारखी तुरुतुरु पळत होती. बरोबर आहे. त्यात लांगचा दोष नाही.

तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, आणि कॅमेरामन साधारण सेकंदाला दोन फेरे मारी. म्हणजे सोळा चौकटी. कमी-जास्त व्हायचं; पाठलागात मुद्दाम हळू फिरवून पडद्यावर वेग आणायचा, हाही धंद्याचाच भाग होता. थिएटरात प्रोजेक्टर चालवणाराही आपल्या मताचा असायचा. आवाज आला आणि हे सगळं थांबलं, कारण वेग जरा इकडचा तिकडे झाला तर गाणारी बाई एकदम बुवा व्हायची. म्हणून सेकंदाला 24 चौकटी असा एकच वेग ठरला. आता हिशेब करा: 35 मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी मावतात. हजार फुटांच्या रिळात सोळा हजार. सोळाच्या वेगाने ते रीळ सोळा मिनिटं चाळीस सेकंद चालेल. चोवीसच्या वेगाने अकरा मिनिटांत आटपेल. साडेपाच मिनिटं गेली कुठे? कुठेच नाही, माणसं दीडपट वेगाने पळाली. त्यात त्यांची बाटलीतली चिठ्ठीही दीडपट वेगाने गेली, म्हणजे तुमची वाचायची राहिली. चांगल्या पुनर्संस्कारित प्रतीत हा वेग दुरुस्त केलेला असतो. प्रत निवडताना आधी तेवढं बघावं.

वेगापेक्षाही ज्याने मूकपटाची जास्त वाट लावली आहे ते म्हणजे रंगाचं हरवणं. याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही.

माझी आत्या एकदा माझ्या शेजारी बसून असाच एक जुना मूकपट बघत होती. मोबाइलवर, कृष्णधवल. दोन माणसं खिडकीतून आत शिरून, वाकून, भिंतीला चिकटून चालत होती. एकाच्या हातात कंदील. आत्या म्हणाली, "अरे, दिवसाढवळ्या कंदील घेऊन काय शोधतायत हे? आणि घरातल्यांना दिसत कसे नाहीत?"

दिसत नव्हते, कारण ती रात्र होती. फक्त आमच्या प्रतीतून रात्र धुऊन गेली होती.

त्या काळच्या फिल्मला अंधारात काही उमटायचंच नाही. रात्रीचे प्रसंग भर उन्हात चित्रित करायचे आणि नंतर तयार प्रतीचा तो तेवढा तुकडा निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवायचा. निळं म्हणजे रात्र. दिव्याचा उजेड असलेली खोली पिवळसर-तांबूस. आग लाल. जंगल किंवा काही गूढ असेल तर हिरवं. प्रेक्षकाला ही भाषा तोंडपाठ होती. पडदा निळा झाला की आवाज न होता दिवस मावळला. एखादा माणूस खोलीत येऊन दिवा लावतो त्याच क्षणी निळ्याचं पिवळं व्हायचं, आणि ते जोडकाम हाताने, एकेका प्रतीत, कात्री आणि डिंक घेऊन बसलेल्या बायका करायच्या. नंतरच्या काळात या प्रतींवरून स्वस्तातल्या कृष्णधवल नकला निघाल्या. रंग गेला आणि चोर उन्हात आले.

आणखी एक बारीक गोष्ट. ती फिल्म निळ्या प्रकाशाला फार हळवी आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी. निळं आभाळ पांढरंफटक यायचं, लाल ओठ काळे. म्हणून नटांचे चेहरे तसे भुतासारखे दिसतात. बर्लिनच्या स्टुडिओत यावर उतारा म्हणून केलेला मेकअप प्रत्यक्ष बघितला असता तर आणखीच दचकलो असतो.

'डी श्पिनन'ही बरीच वर्षं हरवल्यातच जमा होता. सत्तरच्या दशकात तो पुन्हा उजेडात आला आणि 1978 मध्ये डेव्हिड शेपर्डने त्याची रंगासकट बघता येईल अशी प्रत सिद्ध केली; गेलॉर्ड कार्टरने तिला ऑर्गनचं संगीत दिलं. चित्रपट हरवतात कसे, हा प्रश्न मला पूर्वी बाळबोध वाटायचा. उत्तर ऐकल्यावर राहिले ते राहिले कसे, हाच प्रश्न पडतो. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. बंदुकीच्या दारूची चुलत बहीण. एकदा पेटली की पाण्यातही जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. पेटली नाही तर सडते: आधी चिकट, मग फेसासारखी फुगलेली, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी. यातूनही वाचली तर तिच्यावर चांदी असते, आणि चांदीला गिऱ्हाईक असतं. बोलपट आल्यावर मूकपटांची रिळं काही कामाची उरली नाहीत, तेव्हा चांदी काढण्यासाठी ती ढीगांनी वितळवली गेली.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2013 मध्ये हिशेब मांडला. 1912 ते 1929 या काळात तिथे बनलेल्या सुमारे अकरा हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात शाबूत आहेत जेमतेम 14 टक्के. समुद्री चाचे आणि बेटावरच्या पेटाऱ्याची ती जगप्रसिद्ध कथा, 'ट्रेझर आयलंड', मोरिस तुर्नरने 1920 मध्ये पडद्यावर आणली होती, लॉन चेनीच्या दोन-दोन भूमिका असलेली. आज तिची एकही प्रत नाही. आपल्याकडे तर हजाराहून जास्त मूकपट झाले आणि उरले ते दोन-तीन डझनही भरत नाहीत, तेही पुष्कळ अर्धेमुर्धे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली निघालं, म्हणजे मूकपट बंद पडून तीस वर्षं होऊन गेल्यावर. त्यातही जी. पी. पवारांचा 1931 चा 'दिलेर जिगर' वाचला, हे नशीबच. बुरखाधारी वीर, तलवारबाजी, घोडे. आणि नायिका ललिता पवार! जिला आपण आयुष्यभर सासू म्हणूनच ओळखलं, ती तिथे तलवार घेऊन उड्या मारते आहे.

प्रत सापडली म्हणजे काम संपलं असंही नाही. सापडलेली प्रत भलत्याच देशातली असते, पाट्या भलत्या भाषेत, काही तुकडे कोणी कापलेले. पुष्कळदा दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून दोन निगेटिव्ह काढलेली असत, एक घरासाठी, एक परदेशासाठी. मग एका प्रतीतला तुकडा दुसरीत जोडायला जावं तर कॅमेऱ्याची जागा हातभर सरकलेली. लांगच्याच 'मेट्रोपोलिस'चे हरवलेले सुमारे पंचवीस मिनिटांचे तुकडे 2008 मध्ये थेट ब्यूनोस आयरेसच्या संग्रहालयात सापडले, ओरखड्यांनी भरलेले. 2010 मध्ये ते जागच्या जागी बसवून चित्रपट पुन्हा दाखवला गेला, तेव्हा कित्येक पात्रं असं का वागतात ते लोकांना ऐंशी वर्षांनी कळलं.

दुसऱ्या भागाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. धन तेच, फक्त सोन्याऐवजी बुद्धाच्या मस्तकाच्या आकाराचा हिरा. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोटातली चिनी नगरी, लंडनचा हिऱ्यांचा व्यापारी आणि पळवून नेलेली त्याची मुलगी, फॉकलंड बेटांवरचं विषारी वायूने भरलेलं विवर. टोळीच्या दिमतीला एक भारतीय योगीही आहे, नाव 'ऑल-हब-मा'. हे कुठल्या भाषेतलं नाव ते लांगला विचारायला हवं होतं. त्या हिऱ्याची दंतकथा मात्र कान टवकारायला लावते: तो योग्य हाती पडला की आशिया परक्यांच्या जुलमातून सुटेल. 1920 च्या फेब्रुवारीत! जालियनवाला बाग होऊन वर्षही झालेलं नव्हतं. आणि चित्रपटात त्या सुटकेचं स्वप्न घेऊन फिरतात ते खलनायक. बर्लिनच्या थिएटरात कोणाला यात काही वावगं वाटलं असेल असं वाटत नाही. लांगची पुढची पटकथाकार आणि पत्नी थेआ फॉन हार्बो हिने लांगपासून विभक्त झाल्यावर बेळगावकडच्या अयी तेंडुलकर या पत्रकाराशी लग्न केलं. त्या घरात योग्याच्या या नावावर काय बोलणं झालं असतं, याची मला फार उत्सुकता आहे.

खरं तर चार भाग व्हायचे होते. तिसऱ्यात स्फिंक्सचं रहस्य, चौथ्यात आशियाचा राजमुकुट. ते झालेच नाहीत. पण पहिला भाग इतका चालला की थिएटरवाले दुसऱ्यासाठी हटून बसले, आणि त्यापायी लांगच्या हातून एक वेगळाच चित्रपट सुटला. वेड्यांच्या डॉक्टरची, वाकड्यातिकड्या रंगवलेल्या भिंतींची एक पटकथा डेक्लाकडे त्याच्यासाठी तयार होती. ती रोबेर्ट वीनेकडे गेली. तो 'डॉ. कॅलिगारी', आणि त्यातली नायिकाही लिल डागोवरच. लांगने धनाचा नाद पुढेही सोडला नाही. 1929 मध्ये त्याने माणसांना सोनं शोधायला चंद्रावर पाठवलं.

पहिल्या भागाचा शेवट तेवढा सांगायचा राहिला. होग नाएलाला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला परततो. घर, बाग, संसार. एक दिवस लिओ शा येते आणि तुझ्यावर माझं प्रेम आहे म्हणते. तो नकार देतो. काही काळ तो घराबाहेर जातो आणि परततो तेव्हा नाएला बागेत पडलेली आहे. अंगावर एक मोठा काळा केसाळ कोळी. टोळीची खूण.

प्राध्यापकाची चिठ्ठी प्रत्येक देशात नव्याने लिहावी लागत होती. हा तुकडा जसाच्या तसा सगळीकडे गेला.